जॉनस्टन सामुद्रधुनीतील शिरगणती

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला लागून व्हँकूव्हर नावाचे एक विस्तीर्ण बेट आहे. हे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधून, बेटाच्या ईशान्य अंगाने, पाण्याची जी चिंचोळी वाट गेली आहे तिला जॉनस्टन सामुद्रधुनी असे नाव आहे. तिची लांबी सुमारे 110 किलोमीटर. रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी पाच किलोमीटरच्या आतच. दोन्ही तीरांवर थेट पाण्यात उतरणारे डोंगर, त्यांवर सूचिपर्णी वृक्षांचे दाट अरण्य आणि सकाळी सकाळी पाण्यावर पसरलेले धुके. ऐन उन्हाळ्यातही येथील पाणी दहा अंशांच्या आसपासच राहते. याचे कारण केवळ उत्तरेचे अक्षांश हे नव्हे. अरुंद वाटेतून भरती-ओहोटीचे प्रचंड पाणी ये-जा करीत असल्यामुळे वरचे आणि तळाचे पाणी सारखे घुसळले जाते, उन्हाने तापलेला थर वर टिकत नाही आणि तळाची पोषकद्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. म्हणून हे थंड पाणी अन्नाने समृद्ध आहे. दर उन्हाळ्यात फ्रेझर आणि इतर नद्यांकडे परतणारे सॅमन माशांचे थवे याच वाटेने जातात आणि त्यांच्या मागोमाग ओर्का येतात.

ओर्का हा शास्त्रीयदृष्ट्या डॉल्फिनच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी होय. काळा-पांढरा देह आणि नराच्या पाठीवर पुरुषभर उंचीचा ताठ पर ही त्याची ओळख. आपल्या भाषेने या जातीच्या अवाढव्य जलचरांना देवमासा म्हटले; इंग्रजांनी या प्राण्याला ‘किलर व्हेल’ म्हटले. नावावरूनच वागणूक ठरते असे नाही, परंतु या प्रकरणात तसे बऱ्याच अंशी घडले.

या सामुद्रधुनीच्या इतिहासात आम्हांस विशेष वाटलेली गोष्ट ही की, 1961 मध्ये कॅनडाच्या मत्स्यखात्याने ओर्कांवर झाडण्यासाठी किनाऱ्यावर मशीनगन बसविली आणि बरोबर दहा वर्षांनी त्याच मंत्रालयाच्या छत्राखालील एका अधिकाऱ्याने त्याच ओर्कांची शिरगणती सुरू केली. वन्यजीवांच्या रक्षणाविषयी लिहिताना माणसाचे मन कसे द्रवले हे सांगण्याचा प्रघात आहे. मन द्रवते हे खरे. परंतु ज्यांनी शासकीय दप्तरात उमेदीची वर्षे घालविली आहेत त्यांना ठाऊक असते की, मन द्रवणे आणि आदेश निघणे यांच्या मधल्या वाटेवर कोणीतरी आकडा आणून ठेवावा लागतो. या प्रकरणात तो आकडा कोणी आणला आणि त्याने काय साधले, हे पाहण्यासारखे आहे.

या पाण्याचे मूळ रहिवासी क्वाक्वाकावाक्व लोक. त्यांच्या समजुतीप्रमाणे समुद्रावर शिकार करणारा मनुष्य मृत्यूनंतर ओर्काच्या योनीत जातो. त्यांच्या मुखवट्यांवर, घराच्या खांबांवर आणि समारंभांत ओर्का सर्वत्र आहे. कॅनडाच्या सरकारने 1885 पासून 1951 पर्यंत त्यांच्या ‘पॉटलॅच’ या दानसमारंभावर बंदी घातली होती आणि 1921 मध्ये भरलेल्या एका मोठ्या पॉटलॅचनंतर मुखवटे व इतर वस्तू जप्त करून संग्रहालयांत धाडल्या होत्या. त्यांपैकी पुष्कळशा वस्तू परत मिळून अलर्ट बे येथील उमिस्ता केंद्रात 1980 पासून ठेवण्यात आल्या. एका समाजाला त्याच्या समुद्रापासून तोडण्याचा हा उद्योग आणि पुढे त्याच समुद्रातील प्राण्यांवर रोखलेली बंदूक यांत आम्हांस एकाच राज्यव्यवहाराचे दोन पैलू दिसतात. असो.

युरोपियनांना या पाण्याची ओढ लागली ती मात्र ओर्कामुळे नव्हे, तर सागरी पाणमांजराच्या कातड्यामुळे. 1778 मध्ये कॅप्टन जेम्स कुक व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर नूटका येथे उतरला. त्याच्या खलाशांनी किरकोळ वस्तूंच्या बदल्यात घेतलेल्या कातड्यांना चीनमध्ये अपूर्व भाव मिळाला, आणि ही वार्ता पसरताच जगभरच्या व्यापाऱ्यांचे डोळे तिकडे लागले. यात मुंबईही होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. 1785 च्या डिसेंबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जेम्स स्ट्रेंज याने ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्स्पेरिमेंट’ ही दोन जहाजे घेऊन मुंबई बंदर सोडले. मुंबईतील व्यापारी डेव्हिड स्कॉट याचे पाठबळ त्याच्यामागे होते. पुण्यास त्या वेळी सवाई माधवरावांच्या नावाने नाना फडणवीस कारभार पाहत होते आणि महादजी शिंद्यांना दिल्लीची वकील-इ-मुतलकी मिळून एक वर्ष झाले होते. 1786 च्या उन्हाळ्यात स्ट्रेंज नूटकास पोहोचला. त्याला सहाशेच्या आसपास कातडी मिळाली. खर्चाच्या मानाने हा सौदा आतबट्ट्याचाच ठरला. जॉनस्टन सामुद्रधुनीचे पाणी वायव्येस ज्या मोठ्या जलभागाला जाऊन मिळते त्याला ‘क्वीन शार्लट साउंड’ हे नाव मिळाले ते या मुंबईहून निघालेल्या सफरीत. नूटकास स्ट्रेंजने जॉन मॅके नावाचा वैद्याचा मदतनीस मागे ठेवला. तो वर्षभर तेथील लोकांत राहिला. खुद्द सामुद्रधुनीस नाव मिळाले ते 1792 मध्ये. जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतील जेम्स जॉनस्टन याने लहान होड्यांतून या वाटेचा शोध घेतला आणि ती पुढे खुल्या महासागरास मिळते हे दाखवून दिले.

पाणमांजराचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. शंभर-सव्वाशे वर्षे अखंड शिकार झाली. 1911 मध्ये अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि जपान यांनी करार करून शिकार थांबविली, तेव्हा फार उशीर झाला होता. ब्रिटिश कोलंबियातील शेवटचे ज्ञात पाणमांजर 1929 मध्ये मारले गेले. पाणमांजर समुद्री साळिंदरांसारखे दिसणारे ‘सी अर्चिन’ खाते आणि सी अर्चिन ‘केल्प’ या उंच समुद्रवनस्पतीची मुळे कुरतडतात. त्यामुळे पाणमांजर गेले तसे पाण्याखालची वनेही उजाड झाली. 1969 ते 1972 या काळात अलास्कातून 89 पाणमांजरे आणून बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर सोडण्यात आली, आणि त्यांची प्रजा आता तेथे चांगली वाढली आहे. याच काळात, 1967 मध्ये, ब्रिटिश कोलंबियातील शेवटचे देवमासे-शिकारीचे केंद्र कोल हार्बर येथे बंद झाले.

आता बंदुकीकडे वळू. सामुद्रधुनीच्या आग्नेय टोकाच्या पुढे सीमूर नॅरोज ही खिंड आहे. तिच्या मधोमध असलेला रिपल रॉक हा जहाजबुड्या खडक 5 एप्रिल 1958 रोजी सुरुंग लावून उडविण्यात आला. अणुबाँबचे वगळता जगातील मोठ्यात मोठ्या स्फोटांत त्याची गणना झाली. निसर्ग आड आला तर तो उडवून द्यावा, हा त्या काळाचा आत्मविश्वास होता. जवळच कॅम्बेल रिव्हर हे गळाने सॅमन धरणाऱ्या हौशी मंडळींचे केंद्र. ओर्का आपला मासा पळवितात, अशी तेथील विश्रामगृहांच्या मालकांची तक्रार होती. खात्याने अहवाल मागविले, बैठका घेतल्या आणि अखेर 1961 च्या उन्हाळ्यात सीमूर नॅरोजच्या काठावर एक ब्राउनिंग मशीनगन बसविली. तिच्यातून ओर्कांवर एकही गोळी सुटली नाही. एक तर त्या हंगामात ओर्का त्या बाजूस फारसे फिरकले नाहीत. दुसरे म्हणजे, पाण्यावरून उसळलेल्या गोळ्यांनी जंगलास आग लागेल अशी भीती पुढे आली. बंदूक गुपचूप उतरविण्यात आली. प्राण्यांची गणना तोपर्यंत कोणी केलेली नव्हती. ते हजारोंनी असावेत असे गृहीत धरण्यात आले होते. ज्या शत्रूची संख्या माहीत नाही त्याच्यावर तोफा रोखण्याचा हा प्रकार वाचून आम्हांस आपल्याकडील कित्येक योजना आठवल्या, त्यांचा उल्लेख येथे नको.

खात्याची बंदूक झडली नसली तरी खासगी बंदुका झडतच होत्या. पुढे जे ओर्का जिवंत पकडले गेले त्यांपैकी अनेकांच्या अंगावर गोळ्यांचे व्रण आढळले.

जिवंत पकडण्याचा प्रकार सुरू झाला तोही चमत्कारिक रीतीने. 1964 मध्ये व्हँकूव्हरच्या मत्स्यालयास ओर्काची पूर्णाकृती प्रतिमा हवी होती. तिच्यासाठी नमुना म्हणून एक ओर्का मारून आणण्याची कामगिरी एका शिल्पकारावर सोपविण्यात आली. जुलैमध्ये सॅटर्ना बेटाजवळ भाला लागला. परंतु तो प्राणी मेला नाही. भाल्याच्या दोरीने त्याला व्हँकूव्हरपर्यंत ओढीत आणण्यात आले. ‘मोबी डॉल’ असे मादीचे नाव मिळालेला हा प्राणी नर होता हे त्याच्या मृत्यूनंतर कळले. तो तीन महिन्यांहून थोडा कमी काळ जगला. एवढ्यात हजारो लोकांनी पाहिले की, हा प्राणी माणसावर झेप घेत नाही. दुसऱ्याच वर्षी सिॲटलच्या टेड ग्रिफिनने कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेला दुसरा ओर्का आठ हजार डॉलरना विकत घेतला आणि मग बाजार उघडला. भीती गेली, तिच्या जागी किंमत आली. पुढील दहा-बारा वर्षांत दक्षिणेकडील एकाच समूहातून चाळीसहून अधिक ओर्का एक तर पकडले गेले किंवा पकडताना मेले. त्यांत बहुतेक पिले होती. जॉनस्टन सामुद्रधुनीत येणाऱ्या कुटुंबांतील ‘कॉर्की’ ही मादी 1969 च्या डिसेंबरात पेंडर हार्बर येथे पकडली गेली. तिने पन्नासहून अधिक वर्षे हौदात काढली.

मत्स्यालयातच या प्राण्याशी पहिला परिचय होऊन ज्यांचे विचार पालटले त्यांत न्यूझीलंडमध्ये जन्मलेले डॉ. पॉल स्पाँग हे होत. बंदिवासातील ओर्कावर प्रयोग करता करता हौद ही त्याची जागा नव्हे असे त्यांचे मत झाले, ते त्यांनी बोलून दाखविले आणि त्यांची तेथील नेमणूक संपुष्टात आली. 1970 मध्ये त्यांनी जॉनस्टन सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या हॅन्सन बेटावर मुक्काम केला आणि पाण्यात ध्वनिग्राहक सोडून ओर्कांचे बोलणे ऐकण्यास आरंभ केला. त्यांचे ते केंद्र, ओर्कालॅब, अर्धशतकाहून अधिक काळ चालले आहे.

आमच्या मते मात्र या कथेचा नायक दुसराच आहे. डॉ. मायकेल बिग हे 1939 मध्ये लंडनमध्ये जन्मले आणि कॅनडात वाढले. ते मूळचे सीलचे अभ्यासक. नानायमो येथील शासकीय संशोधन केंद्रात 1970 पासून सागरी सस्तन प्राण्यांचा विभाग त्यांच्याकडे आला. त्याच सुमारास ओर्का पकडण्यासाठी परवाना आवश्यक ठरला होता. आणि परवाने किती द्यावेत हे ठरवायचे तर ओर्का किती आहेत हे कळायला हवे होते. प्रश्न असा निव्वळ कारभारी होता. बिग यांनी दीपगृहांचे रक्षक, कोळी, टग चालविणारे, होडीवाले अशा किनाऱ्यावरील सर्व प्रकारच्या लोकांस हजारो छापील प्रश्नावल्या पाठविल्या आणि 26 जुलै 1971 या दिवशी दिसेल तो ओर्का नोंदवा असे सांगितले. उत्तरे आली तेव्हा हिशेब लागला तो हजारोंचा नव्हे. फार तर साडेतीनशेचा. पुढील दोन वर्षी पुन्हा मोजणी झाली, तरी आकडा वाढला नाही.

याच्याही पुढचे पाऊल जॉनस्टन सामुद्रधुनीत पडले. 1972 मध्ये बिग आणि त्यांचे सहकारी इयन मॅकॅस्की यांनी तेथे ओर्कांची छायाचित्रे घेतली. त्यांत एका मादीच्या पाठीवरील पर जवळजवळ तुटलेलाच होता, बहुधा एखाद्या जहाजाच्या पंख्याने. तिला त्यांनी ‘स्टब्स’ म्हटले. दुसरीच्या परावर एक खाच होती, ती ‘निकोला’. मग लक्षात आले की, नीट पाहिले तर प्रत्येकाच्या परावर काही ना काही खूण आहे आणि पराखालचा खोगिरासारखा करडा डाग तर कोणाही दोघांचा सारखा नाही. याचा अर्थ असा की, अंदाज करण्याचे कारणच उरले नाही. प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करता येत होती. स्टब्स ही ‘ए 1’, निकोला ही ‘ए 2’, या क्रमाने नोंदवही भरू लागली. त्या वेळच्या प्राणिशास्त्रज्ञांना हे खरे वाटेना.

खाते मात्र खातेच होते. 1976 च्या सुमारास, आकडे हाती आल्यावर, ओर्कांचे काम पुरे झाले असे वरिष्ठांनी ठरविले आणि बिग यांना सील व समुद्रसिंहांकडे परत धाडण्यात आले. त्यांनी ग्रॅम एलिस, जॉन फोर्ड आदी सहकाऱ्यांसह ते काम सुटीच्या दिवशी, स्वतःच्या वेळात चालू ठेवले. कार्यालयीन वेळेनंतर केलेल्या कामाची नोंद सेवापुस्तकात होत नसते. परंतु या किनाऱ्यावर जे काही वाचले ते मुख्यतः त्या कामामुळे वाचले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नोंदवहीतून जे उलगडले ते कोणाच्या कल्पनेत नव्हते. सॅमन खाणारे ओर्का आईच्या कुटुंबात जन्मतात आणि मरेपर्यंत तेथेच राहतात. मुलगी तर नाहीच, मुलगासुद्धा आईला सोडून जात नाही. सस्तन प्राण्यांत हे अत्यंत दुर्मीळ आहे. अशा कुटुंबांचे गट, गटांचे कूळ, आणि प्रत्येक गटाची आपली बोली. जॉन फोर्ड यांनी या बोलींतील भेद ध्वनिमुद्रणांतून वेगळे करून दाखविले. याच पाण्यात दुसऱ्या जातीचे ओर्काही फिरतात. ते लहान टोळ्यांनी, बहुधा मुकाट्याने हिंडतात, सील व पॉर्पॉइज मारून खातात आणि मत्स्याहारी ओर्कांत मिसळत नाहीत. त्यांना पुढे ‘बिग यांचे ओर्का’ असेच नाव पडले. 2024 मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने दोहोंना स्वतंत्र उपजाती म्हणून मान्यता दिली. हा वंशवृक्ष प्रसिद्ध करणारे पुस्तक 1987 मध्ये निघाले. बिग 1990 मध्ये, वयाच्या अवघ्या 51 व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने निवर्तले.

सामुद्रधुनीच्या दक्षिण तीरावर त्सिटिका नदी समुद्रास मिळते तेथे रॉबसन बाइट हा छोटा उपसागर आहे. त्याच्या लगत गुळगुळीत गोट्यांचे किनारे आहेत. उथळ पाण्यात येऊन ओर्का त्या गोट्यांवर अंग घासतात. कुटुंबामागून कुटुंब, वर्षानुवर्षे, त्याच जागी. एका मोठ्या लाकूड कंपनीस नेमक्या याच नदीमुखाशी ओंडके साठविण्याचा तळ हवा होता. विरोधकांच्या हाती आता नुसती हळहळ नव्हती. कोणता ओर्का कोणत्या तारखेस तेथे आला याची यादी होती. 1982 मध्ये प्रांतिक सरकारने ते पाणी राखीव घोषित केले. सुमारे 1,248 हेक्टर समुद्र त्यात आला. मागाहून किनाऱ्याची जमीन जोडली गेली आणि 1991 मध्ये त्यास बिग यांचे नाव देण्यात आले. त्सिटिकाच्या वरच्या खोऱ्यातील तोड मात्र थांबली नाही. तीविरुद्ध 1990 मध्ये सत्याग्रह आणि अटका झाल्या.

नकाशावरील राखीव रेषा पाण्यावर उमटत नाही. 20 ऑगस्ट 2007 रोजी लाकूडतोडीची यंत्रसामग्री वाहणारी एक बार्ज याच राखीव क्षेत्रात कलंडली आणि सुमारे दहा हजार लिटर डिझेलची टाकी असलेला ट्रक तळाशी गेला. गोव्यातील वाचकांना बार्ज म्हणजे काय ते सांगावयास नको. पाण्यावर तवंग पसरला तेव्हा ओर्का तेथेच होते. साडेतीनशे मीटर खोलीवरून तो ट्रक वर काढण्यास 2009 साल उजाडले, आणि तेही संस्थांनी वर्षभर पाठपुरावा केल्यानंतर.

नोंदवहीचा खरा कस लागला तो 2002 मध्ये. त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेतील सिॲटलजवळ एक एकटे, खंगलेले ओर्काचे पिलू दिसू लागले. त्याची बोली ध्वनिमुद्रित केली, छायाचित्रे ताडून पाहिली, आणि ते ‘ए 73’ ऊर्फ स्प्रिंगर असल्याचे निश्चित झाले. त्याचे घर सुमारे चारशे किलोमीटर दूर, जॉनस्टन सामुद्रधुनीत होते. त्याची आई ‘ए 45’ मरण पावली होती. या आईचे नाव ‘सतलज’. तेथील ओर्कांना बहुधा स्थानिक ठिकाणांची नावे देतात. जवळच सतलज नावाची खाडी आहे, खाडीला ब्रिटिश युद्धनौकेचे नाव, आणि युद्धनौकेला पंजाबातील नदीचे. साम्राज्याची नावे कोठून कोठे वाहत जातात पाहा. स्प्रिंगरला पकडून, औषधपाणी करून, 13 जुलै रोजी वेगवान नौकेतून हॅन्सन बेटाजवळ आणण्यात आले. नाम्गिस लोक होड्या घेऊन स्वागतास आले होते. दुसऱ्या दिवशी तिचे आप्त जवळ येताच जाळीचे दार उघडले. ती कुटुंबांत मिसळली, 2013 मध्ये तिला पहिले पिलू झाले आणि 2017 मध्ये दुसरे. वंशवृक्ष नसता तर ते पिलू कोणाचे हे कळलेच नसते आणि ते एखाद्या हौदात गेले असते.

सामुद्रधुनीत येणाऱ्या उत्तरेकडील ओर्कांची संख्या 1970 नंतरच्या पहिल्या मोजणीत 120 च्या आसपास होती, ती 300 च्या वर गेली आहे. दक्षिणेकडील समूह, ज्याची पिले बाजारात गेली होती, 1995 मध्ये 98 पर्यंत चढला आणि पुन्हा घसरून पाऊणशेच्या आसपास आला. बंदुका गेल्या, जाळी गेली. मग अडले कोठे? फोर्ड आणि एलिस यांच्या अभ्यासाने दाखविले की हे ओर्का सॅमनमध्येही मुख्यतः ‘चिनूक’ ही मोठी जात निवडून खातात. चिनूक घटला की त्यांचे मृत्यू वाढतात. चिनूक घटण्याची कारणे नद्यांवरील धरणे, तोडलेली खोरी, अतिरिक्त मासेमारी आणि तापणारे पाणी अशी चहूकडे पसरली आहेत. त्यात जहाजांचा आवाज आणि अंगातील चरबीत साठलेली जुनी औद्योगिक विषे यांची भर. यासाठी एखादा उपसागर राखून भागत नाही.

सामुद्रधुनीच्या उत्तरेस ब्रॉटन बेटसमूहात 1980 नंतर पिंजऱ्यांतून सॅमन वाढविण्याचा धंदा बोकाळला. सील पिंजऱ्यांकडे येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी 1993 पासून पाण्यात कर्कश ध्वनियंत्रे लावली, तेव्हा ओर्कांनी तो भाग टाकला. यंत्रे बंद झाल्यावर ते परतले, हे अलेक्झांड्रा मॉर्टन यांनी नोंदींवरून सिद्ध केले. पिंजऱ्यांतील उवांसारख्या परजीवींचा उपद्रव रानटी सॅमनच्या पिलांना होतो, हा त्यांचा दुसरा आक्षेप. त्यावर अनेक वर्षे वाद झाले, आणि मासेमारीचे रक्षण व मत्स्यशेतीचे संवर्धन ही दोन्ही कामे एकाच खात्याकडे असल्याने वाद लांबलाही. 2018 मध्ये प्रांतिक सरकार व तेथील मूळ रहिवाशांचे तीन समाज यांच्यात करार होऊन ब्रॉटनमधील पिंजरे टप्प्याटप्प्याने काढण्यास सुरुवात झाली. जून 2024 मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की, ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रातील उघड्या जाळ्यांची सॅमनशेती 30 जून 2029 पर्यंत बंद करण्यात येईल.